बागेची वेळ

सकाळी सहा ते दहा.
सायंकाळी चार ते आठ.
हिरवी पाटी, पांढरी अक्षरं,
‘सायंकाळी’वरचा अनुस्वार उडालेला.
एकोणीस वर्षं तिच्यासमोरून जातोय मी,
आधी सायकलवरून, मग एम-एटीवरून:
जाताना आठ वाजून वीस मिनिटं,
येताना आठ वाजून वीस मिनिटं.
सकाळच्या वीसला बाग उघडी, मला सवड नाही.
रात्रीच्या वीसला मला सवड, गेटला कडी.

पोरगं लहान होतं तेव्हा शालन म्हणायची,
“एकदा हुतात्मा पार्कात जाऊया की.”
मी म्हणायचो, “या सोमवारी.”
सोमवारी उद्यमनगर बंद,
पण सोमवारी गॅसचा नंबर, सासऱ्यांचे डोळे,
कुणाच्या तरी जावळाचं जेवण.
पोरगं आता पुण्यात कामाला आहे.
त्याची घसरगुंडी माझ्याकडे उधार राहिली.

मी टर्नर.
लोखंड चकमध्ये धरायचं, सेंटर काढायचं,
मग ते फिरतं, आणि जास्तीचं तेवढं निघून जातं,
निळं, तापलेलं, कुरळं, पायाशी.
दिवसाचंही मी तसंच करत आलो.
जास्तीचं म्हणून जे काढलं
ते कधी उचलून बघितलं नाही.

वैशाखात, भर दुपारी, ट्रान्सफॉर्मर जळाला.
इर्शाद म्हणाला, “भावा, चार तास काय येत न्हाई लाईट.”
दोनदा चहा झाला. तिसऱ्यांदा नको वाटला.
गाडी बागेपाशी थांबली,
मी थांबवली असं म्हणवत नाही.

दीड वाजलेला. गेट बंद.
आत सावलीत खुर्ची, खुर्चीत दौलू खोत, राखणदार.
“चारला या.”
“गेट कुरकुरतंय तुमचं. खालचा बुश गेलाय.”
“सहा म्हयनं झालं सांगतोय ऑफिसात.”
“माप घेऊ?”
त्यानं माझ्या खिशातला व्हर्नियर बघितला,
आणि कडी काढली.

माप पाच मिनिटांत झालं.
त्याला म्हटलं, अर्धा तास लागंल.

आत कैलासपती.
खोडालाच लोंबलेले गोळे,
फाउंड्रीतून नुकते आल्यासारखे, खरबरीत, काळपट;
पण कुठे साच्याचा जोड दिसेना,
धातू ओतल्याची खूण नाही.
खोडाभोवती दोन फेऱ्या मारल्या,
सवयीनं सेंटर शोधत.
ते एकीकडे फुगलेलं, एकीकडे दबलेलं,
कुठल्याच चकात बसलं नसतं,
आणि तरी सरळ उभं.
पडलेलं एक पान उचलून मापलं:
देठापाशी एक जाडी, टोकाला दुसरी, मध्ये तिसरीच.
शेजारचं मापलं. तेही तसंच नापास.
कुणी परत पाठवलं नव्हतं त्यांना.

पलीकडे जयंती नाल्याचा वास होता, तो होताच.
वर कुठेतरी तांबट ठोकत होता,
टुक टुक टुक, एका लयीत,
लाईट नसताना.

दौलू म्हणाला, “झालं काय?”
“होतंय.”
तो कळून हसला, की उन्हानं डोळे बारीक झाले,
ठाऊक नाही.
त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

बुश मी पितळेचा केला, रात्री, लाईट आल्यावर.
गुरुवारी बसवला.
दौलूची तक्रार आता उलटीच:
“कोण आलं, कोण गेलं, कळंना झालंय मला.”

सकाळी मी आठ पन्नासला पोचतो.
मालक अर्ध्या तासाचे पैसे कापतो.
कापू दे, जास्तीचं तेवढंच काढतोय तो.
इर्शाद विचारतो, “एवढं काय असतंय तिथं?”
मला नीट सांगता येत नाही.
“पानं,” म्हणतो मी.

परवा सोमवारी, चार वाजता, शालनला घेऊन गेलो.
गेट ढकललं. आवाज नाही. तिच्या ध्यानातही आलं नाही,
आणि मीही सांगितलं नाही.
घसरगुंडीपाशी ती थोडी थांबली. तिथं दुसऱ्यांची पोरं होती.
पुढे एका पाटीवर लिहिलंय:
हिरवळीवर चालू नये.
तिनं ती सावकाश वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत,
चष्मा नाकावर सारून.
मग चपला काढल्या.